माहेरी नेलेल्या गोळ्या

"एकही दिवस चुकला नाही ना?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं आणि माझ्या धाकट्या जावेनं पुन्हा मान हलवली. पुरावा म्हणून तिनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर मांडली. सगळी रिकामी. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर ती चांगली सुधारली होती, अंगावर मांसही चढलं होतं. आखाजीच्या सणाला माहेरी गेली, उन्हाळाभर राहून आली आणि परत ताप, परत खोकला. डॉक्टरांनी थुंकीची तपासणी नव्यानं करायला सांगितली. जंतू नेहमीच्या औषधाला अजून जुमानतो का, हे बघायचं होतं.

मला तिथेच संशय आला. स्वभावच माझा तसा. खानदेश सोडून परराज्यात, पर्वत पाटियाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी जावा एकत्र राहतो. आमचे नवरे कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर जातात, मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. इथे असताना ती रोजची गोळी माझ्यासमोर गिळायची, मी तोंड उघडायला लावून बघायची. माहेरी तिच्यावर नजर कोण ठेवणार?

रिक्षात मी गप्प बसले, नाहीतर रस्त्यातच तमाशा झाला असता. घरी येऊन दार लावलं आणि विचारलं, "फेकल्यास का गोळ्या? खरं सांग."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "फेक्यात नही, ताई. भाऊले बी खोकला व्हता. आर्ध्या गोया त्याले दिन्यात."

एक दिवस हिनं घ्यायची, एक दिवस भावानं. भावाला दवाखान्यात नेलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता आणि त्याचं जमत आलेलं लग्न फिसकटलं असतं. म्हणून बहीणभावानं आपसातच उरकलं. मी तिला नको नको ते बोलले. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. माहेरी जायचं, झोके घ्यायचे, सांजोऱ्या खायच्या, आणि भाऊ शेजारी असताना एकटीनं काही तोंडात टाकायचं नाही. सांजोरीसुद्धा मोडून अर्धी पुढे करणारी ही बाई, गोळी एकटी कशी खाईल? हे मला कळत होतं, म्हणूनच डोकं जास्त तडकत होतं.

तपासणीचा निकाल यायचा होता तोवर माझं कशातच लक्ष लागेना. वर्गात नैसर्गिक निवड शिकवताना एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, हे होताना कुणी बघितलंय का?" मी तिला खडकांत सापडलेल्या सांगाड्यांचं सांगितलं होतं, आणि तेही खरंच आहे. पण आता तीच गोष्ट पलीकडच्या खोलीत खोकत होती. शरीरात जंतू अगणित, आणि सगळे एकसारखे नसतात. एकाचे दोन होताना कुठेतरी चूक राहते आणि एखादा असा निपजतो की ज्याला एखादं औषध लागूच पडत नाही. चार औषधं मिळून रोज पोटात गेली, तर एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. पण अर्धवट मारा झाला की साधे मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच पिलावळ वाढते. जंतू काही शिकत नाही, हट्टाला पेटत नाही. जो टिकतो त्याचा वंश वाढतो, इतकंच. याला लाखो वर्षं लागत नाहीत, एक उन्हाळा पुरतो.

निकाल घ्यायला आम्ही दोघी गेलो आणि मी आधी गोळ्यांच्या वाटणीचं डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टरांनी आधीचा आणि आताचा कागद शेजारी शेजारी ठेवला. सुरुवातीला मुख्य औषधानं मरणारा जंतू आता त्याच औषधाला दाद देत नव्हता. मी जावेचा हात घट्ट धरला.

"दुसरी औषधं आहेत," डॉक्टर म्हणाले. "जास्त त्रास देतील, पण बरी होऊ शकते. यातही वाटावाटी झाली तर माझ्याकडे देण्यासारखं फार काही उरणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ज्याला गोळ्या दिल्या त्याला लगेच तपासायला पाहिजे. गावाकडे असो नाहीतर इथे."

बाहेर आल्या आल्या मी फोन काढला. जावेनं माझं मनगट पकडलं. "ताई, त्यानं लगीन..." मी तिचा हात बाजूला केला. मलाही त्या पोराची कीव येत होती, पण लग्नाचं नंतर बघता आलं असतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी स्पीकर लावून तिच्या भावाला झापलं. तिचा निकाल सांगितला आणि म्हटलं, "उद्याच्या उद्या गाडीत बसा. त्या गोळ्या तुम्ही खाल्ल्या आहेत, तुमची तपासणी झालीच पाहिजे."



"ताई," तो म्हणाला, "मी सगळ्या नही खाद्यात. आर्ध्या मायले दिन्यात. तिले मन्हापेक्षा जास्त खोकला शे."

जाव तिथेच पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मला किंचाळावंसं वाटलं, पण कुणावर किंचाळणार होते? "मायलाही घेऊन या," मी म्हटलं.