ढगाच्या आईचा पिठा

कविता पूर्ण होईपर्यंत बैधर पंडा ती कागदावर उतरवत नसत. कागद चोरीला जातो, असं त्यांचं मत. जन्मभर मुलांसाठी गाणी लिहिली, कटकच्या मासिकात छापून आली, पण गावातल्या एकाही पोरानं त्यातलं एखादं आपणहून म्हटलं नव्हतं. हे त्यांना फार लागायचं.

रजो या मुलींच्या सणाच्या पहिल्या दिवशी घरोघरी तांदूळ-गुळाचा पिठा भाजला गेला, वडाला मुलींसाठी झोपाळे बांधले गेले, आणि ओट्यावर बसलेल्या बैधरबाबूंच्या कानावर आलं:

"झोका गेला वर, ढगाच्या घरी,
ढगाची आई काय काय करी?"

त्यांच्या हातातलं विड्याचं पान गळून पडलं. गाणं त्यांचंच होतं. तिसरी ओळ मात्र त्यांना अजून सुचायची होती, आणि मुली तीही बिनधास्त म्हणत होत्या:

"पिठा करपला, रडते दारी!"

"हा त्या आर्तत्राण जेनाचाच उद्योग!" बैधरबाबू कडाडले. शेजारचा जेनाही कवी. "भिंतीला कान लावून बसतो मेला. आता माझ्याआधी छापून आणेल!"

पत्नी कुंजलता काहीच बोलली नाही. एरवी जेनाची बाजू घेऊन भांडणारी बाई आज गप्प कशी? बैधरबाबूंना आता तिचाही संशय येऊ लागला. तिनं पुढं केलेल्या पिठ्याच्या काळ्याठिक्कर बुडाकडे त्यांचं लक्ष गेलं. यंदा गावात करपला होता तो एवढाच.

"तू फितूर झालीस!"

"चुलीपाशी येरझाऱ्या घालत पुटपुटता, मी काय कानात बोळे घालू? तुमचं ऐकता ऐकताच करपला तो. पोरी खायला आल्या, त्यांना म्हणून दाखवलं. पुढचं त्यांनी जोडलं, मला चिडवायला."

बैधरबाबू तावातावानं वडाखाली गेले. गाणं आपलं आहे हे आज ठणकावून सांगायचंच. त्यांनी घसा खाकरून पहिली ओळ म्हटली.

"आजा, चाल चुकली!" झोक्यावरची टुकुनी ओरडली. "तुम्हाला नाही येत. आमचं गाणं आहे ते."

त्यांच्या तोंडापर्यंत नाव आलं होतं, स्वतःचं. डोळे भरून आले म्हणून मान वळवली.

"बरं बाई, तुमचं. मला शिकव," ते म्हणाले आणि झोका द्यायला मागे जाऊन उभे राहिले.