एकमेव कमावता इसम

माझ्या नवऱ्याने शेजारच्या आबांचा हात फावड्याच्या दांड्याने मोडला, तो बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी. मोडला आणि घरी येऊन पोटभर जेवला. कोर्टाने तीन वर्षं दिली. जामिनावर असताना त्याने आबांना पुन्हा दम भरला होता, त्यामुळे अपील चालेपर्यंतही त्याला कुणी बाहेर सोडेना.

दिराने वकील गाठला. वडगावच्या कोर्टाबाहेर टपरीवर मला बोलावलं. आंबीच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून मी तशीच गेले, गळ्यात ओळखपत्र, हातात वडापाव. वकील म्हणाले, "ताई, मारलंच नाही असं आता म्हणता येणार नाही. शिक्षा कमी करा, एवढंच मागू." मग त्यांनी कागद वाचला. 'अर्जदार हा कुटुंबातील एकमेव कमावता इसम असून, त्याच्या पत्नीची व वृद्ध आईची उपासमार होत आहे.'

मी हातातल्या वडापावाकडे पाहिलं.

या कमावत्या इसमाने लग्नानंतर चार नोकऱ्या सोडल्या. एक, सुपरवायझर उद्धट होता म्हणून. एक, बस फार लवकर येते म्हणून. उरलेल्या दोन का सोडल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या सगळ्या काळात पॅकिंगला उभी राहून घर चालवलं ते मी.

"यावर माझी सही?"

"कोर्टात असंच लिहितात, ताई."

"मग मी उपाशी आहे हे मला आधी सांगायचं तरी."

दीर चिडला. "वैनी, नवरा हाय तुमचा. भाकरी त्याच्या नावावर लिवली तर तुमचं काय जातंय?"

मी सही केली नाही. त्यांनी सासूचा अंगठा घेतला.

घरी मी तिला विचारलं, "आत्याबाई, कागदात काय आहे माहिताय?"

"पोराला सोडवायचा हाय, म्हनला."

"तुम्ही उपाशी आहात असं लिहिलंय."

ती माझ्या हातची भाकरीच खात होती. हात ताटात थांबला. "मी? तू असताना?" मग हळूच म्हणाली, "पन त्यो सुटंल न्हवं?" आणि पुन्हा जेवू लागली. तिच्यावर मला रागावता आलं नाही. रागवायला बाकीचे पुरेसे होते.

सुनावणीला मी रजा टाकून गेले. नवऱ्याला आणलं. मला बघून तो हसला, जणू मी त्याच्यासाठीच आले होते. वकिलांनी आवाज पाडून माझ्या भुकेचं वर्णन केलं. मी मागच्या बाकावर धडधाकट बसले होते. मला कुणी विचारलं नाही. वाकडा हात घेऊन आबाही आले होते, त्यांनाही कुणी विचारलं नाही. पहिलाच गुन्हा, घरची परिस्थिती वगैरे धरून शिक्षा निम्मी झाली.

बाहेर आबांनी विचारलं, "काय झालं गं?"

"निम्मी केली. मी उपाशी आहे म्हणून."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तर चांगली दिसतीस की!" म्हणाले आणि खो खो हसले. मीही हसले. दीर लांबून डोळे वटारत होता.

नवरा सुटला त्या दिवशी पोरांनी फटाके वाजवले. लढाई जिंकून आल्यासारखा तो पारावर बसून कायदा समजावून सांगत होता. मी त्याआधीच वराळ्यात, कंपनीची बस थांबते तिथे, खोली घेतली होती. सासूला म्हटलं, चला. ती म्हणाली, "माजं पोरगं हितं हाय." तिला भेटायला मी रविवारी जाते. तो घरात असला तर ओसरीवरूनच बोलून परत फिरते. नोकरी शोधतोय म्हणे.