रेंज माझ्या पडवीत

कापडे गावाच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीत रेंज येते ती फक्त माझ्या पडवीच्या कोपऱ्यात, आणि तीही माझ्या सिमला. त्यामुळे मी शाळेतली बाई असले तरी वाडीच्या लेखी फोनवाली बाई. मुंबईतल्या पोरांची खुशाली, ठरलेली लग्नं, आजारपणं, सगळं माझ्याच फोनवरून. शेजारणीची मुलगी परदेशात घरकामाला निघाली, तेव्हा नेणाऱ्या एजंटाशी बोलणीही त्यावरूनच झाली. तिच्याकडे फोन नव्हता. जाताना तिनं माझा नंबर पाठ केला.

मग एकदाच, कुणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला. "बाई, पासपोर्ट काढून घेतलाय. कोंडून ठेवलंय मला." फोन कटला. पोलिसांत तक्रार मीच लिहून दिली.

आणि चौकशीला बोलावलं तेही मलाच, संशयित म्हणून! महाडला एका कार्यालयात बाहेरून आलेल्या साहेबानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लाखो कॉल चाळून मशिननं माणसं बाहेर नेणाऱ्या टोळीचं जाळं काढलं होतं म्हणे. मधोमध सगळ्यात मोठा गोळा, तो माझा नंबर.

"तुमच्या वाडीतून तीन मुली गेल्या. तिन्ही घरांचे एजंटाला फोन तुमच्याकडूनच. योगायोग?"

"योगायोग कसला? टॉवर आणि वाडीच्या मध्ये डोंगर आहे. या एकदा आमच्या वाडीत, तुम्हीही माझाच फोन मागाल."

"डेटा खोटं बोलत नाही, मॅडम."

"डेटा कधी आमचा चढ चढलाय का?" माझा आवाज चढला होता. त्याचा मात्र अजिबात नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी विचारलं, "बरं, यात ती मुलगी कुठे आहे?"

त्यानं बराच वेळ शोधलं. "तिच्या नावावर नंबरच नाही," तो म्हणाला. म्हणजे जिला शोधायचं, तिचा यात ठिपकासुद्धा नव्हता.

माझा फोन मात्र त्यांनी बंद करून, सिमसकट, पिशवीत सील केला. तोच नंबर दुसऱ्या सिमवर मागितला, तर तपास संपेपर्यंत मिळणार नाही म्हणाले. तिला पाठ असलेला एकच नंबर तो, हे तीनदा सांगितलं. त्यानं तेही टाइप करून घेतलं.

शेजारीण अजून रोज पडवीत येऊन बसते. काल म्हणाली, "बाई, फोन साहेबाकडं हाय ना? मग पोरीचा फोन आला तर ते उचलतील. नाय का?"

फोन बंद करून ठेवलाय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.