जिभेवरची नीळ

आमच्या घरात सगळ्यांचे हात निळे. बापाचे कोपरापर्यंत, आईचे मनगटापर्यंत, माझे बोटांच्या पेरांपर्यंत. शहाद्याला गोमाईच्या काठी आम्हा रंगाऱ्यांची गल्ली, तिथे आमची एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला निळीचा रांजण. घरातली उबेची जागा त्याची. थंडीत त्याच्याभोवती ताजं शेण थापायचं, वर गोणपाट घालायचं, कारण रांजण गारठला की आतली नीळ मरते. आम्हाला तिघांत मिळून दोन गोधड्या.

शाळेत मास्तरांनी पहिल्या दिवशी मला हात धुवायला नदीवर पाठवलं. धुऊन आलो, हात तसेच. पुन्हा पाठवलं. तिसऱ्या वेळी मी नदीवरून सरळ घरी गेलो. आईने दंड धरून परत नेलं आणि मास्तरांसमोर स्वतःचे दोन्ही हात धरले. मास्तर म्हणाले, "बरं, बस."

सातपुड्यातल्या बाया बाजाराच्या दिवशी खाली उतरायच्या आणि आमच्याकडून गडद निळी लुगडी न्यायच्या. त्यांच्यावर आमचं घर चालायचं. एका वर्षी नीळ मिळेना, म्हणून बापाने रंगाचा परदेशी डबा आणला. त्यावर बारीक अक्षरांत पुष्कळ काही छापलं होतं. गल्लीत वाचणारं कुणी नव्हतं. बापाने अंदाजाने पाणी तापवलं, अंदाजाने भुकटी टाकली. लुगडी अशी झळकायला लागली की गल्ली बघायला आली. तिसऱ्या बाजाराला बाया परत आल्या आणि लुगडी आमच्या ओट्यावर टाकली. रंग पहिल्याच धुण्यात निघून गेला होता. त्यांच्यातली एक म्हातारी बापाला म्हणाली, "तू रंगारी शे का पाणक्या?"

बापाने सगळी लुगडी परत घेतली. त्या हिवाळ्यात आम्ही ज्वारीच्या कण्या खाल्ल्या, सकाळी पातळ, संध्याकाळी त्याहून पातळ. डबा मात्र बापाने फेकला नाही. कोनाड्यात, देवाशेजारी ठेवून दिला.

"डबावर लिहेल शे," तो म्हणायचा. "लिहेल ते वाचाले घरमां एक मानूस पाहिजे."

घरात दुसरं होतं कोण? तो माणूस मीच.

धुळ्याला बोर्डिंगात राहून हायस्कूल झालं. इंग्रजी वाचता यायला लागलं तशी पहिल्या सुट्टीत मी डबा उतरवला, तर त्यावरचं इंग्रजी नव्हतंच. जर्मन होतं. बाप म्हणाला, "मंग आखो शिक." पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. चुकून तोंडातून आमच्या बोलीतलं 'शे' निघालं की तिथली पोरं हसायची. मी हसू दिलं. फी माफ होती, ती माफ राहावी म्हणून दर परीक्षेत वर राहायचं, एवढंच मला ठाऊक. कॉलेज म्हटलं की लोकांना नाटकं आठवतात, क्रिकेट आठवतं. मला झोप आठवते, न मिळालेली.

शेवटच्या वर्षाच्या तोंडाशी आमच्या प्रोफेसरांनी बोलावलं. एका गिरणीवाल्याने देणगी दिली होती. एक विद्यार्थी एका टर्मसाठी इंग्लंडला, रंगाईचं शास्त्र शिकायला पाठवायचा होता.

"तिथली परीक्षा पास झालास तर तुझी टर्म इथे भरली असं धरू," ते म्हणाले. "नापास झालास तर वर्ष गेलं आणि फीमाफीही गेली. म्हणजे पदवी गेली असंच समज. जातोस?"

"जातो," मी म्हणालो. विचार नंतर केला.

निघायच्या दिवशी बाप मला रांजणापाशी घेऊन गेला. गोणपाट काढलं, करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि थुंकला. हे तो रोज करायचा. त्याचा बापही करायचा, आणि मीही कळायला लागल्यापासून करत आलो होतो. आमच्या रांजणात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी. जीभ चरचरली तर चुना जास्त झाला, गूळ टाका. गुळमट लागलं तर चुना टाका. याखेरीज आमच्याकडे माप नव्हतं.

"चाखी ले," बाप म्हणाला. मी चाखलं. "काय म्हणस?"

"गूळ मांगस."

तो खूश झाला. "तठेबी असंच करजो. आधी रांजणले विचारजो, मंग साहेबले."

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची. ते शहर इंग्लंडच्या उत्तरेला, लोकरीच्या गिरण्यांचं. नाव सांगत नाही, मलाच ते नीट उच्चारायला महिना लागला. सगळ्या शहराला ओल्या मेंढराचा वास. गिरण्यांच्या धुरात दुपारी तीनलाच दिवे लावायचे. माझी खोली टेकडीच्या पायथ्याशी, रंगाई शिकवायची रंगशाळा माथ्यावर. रोज चढायचं, दिवसभर रंगाच्या भांड्यांपाशी उभं राहायचं, रोज उतरायचं. मोजे कधी सुकले नाहीत. बोलणं अर्धं कळायचं, उरलेलं अर्धं मी वहीत आवाजावरून लिहून आणायचो आणि खोलीत बसून त्याचा अर्थ लावायचो. लोक विचारतात, विलायत कशी होती? मी सांगतो, चढण होती.

घरमालकीण विधवा बाई होती. पहिल्या दिवशी जेवताना मी हात टेबलाखाली धरले. तिने वाकून पाहिलं.

"हात वर घे, पोरा. माझा नवरा तीस वर्षं रंगारी होता. पुरला तेव्हा त्याची नखं हिरवी होती."

मी हात वर घेतले. शहाद्याबाहेर कुणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

आईने बांधून दिलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, बघून तिने विचारलं, "हे चामडं कशाला आणलंस?"

"खायला. भाजून खातात."

तिने शेगडीवर भाजला, तुकडा मोडून चावला, बराच वेळ चावला. "नवऱ्याचे बूट याहून मऊ होते," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा घेतला.

सहा आठवडे असे गेले. मग मी ते केलं.

त्या दिवशी अंगात कणकण होती, आदल्या रात्रीचा खोकला होता. शिकवणारे म्हातारे साहेब निळीच्या मोठ्या भांड्यापाशी आम्हाला उभं करून म्हणाले, "तयार आहे का ते बघा." बाकीची मुलं तपासणीच्या काचेच्या नळ्या आणायला गेली. मी वाकलो. वर तांब्याच्या रंगाचा फेस, फेसाखाली पिवळट हिरवं पाणी. हुबेहूब आमचा रांजण. दीड महिन्यात पहिल्यांदा मला काहीतरी ओळखीचं दिसलं होतं. बापाने सांगितलं होतं आधी रांजणाला विचार. मी विचारलं. करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

त्या भांड्यात चुना नव्हता, कॉस्टिक सोडा होता. पुस्तकात मी तो वाचला होता, वजन करून स्वतः टाकलाही होता. पण हे डोक्याला माहीत होतं, बोटाला नव्हतं. जीभ चरचरली नाही, सोलून निघाली.

साहेबांनीच मानेला धरून माझं तोंड नळाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग विचारलं, "तू ते चाखलंस?"

मी मान हलवली.

"का?"

सोललेली जीभ हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "भूक लागली असेल त्याला." खोलीभर हसू उठलं.

साहेब हसले नाहीत. "उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मरायचं असेल तर दुसरीकडे."

परीक्षा त्याच खोलीत व्हायची होती. खोली नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे टर्म नाही. पुढचं प्रोफेसरांनी पुण्यालाच सांगून ठेवलं होतं.

पाच दिवस मी दुधात बुडवलेला पाव गिळला. घरमालकीण वाटी घेऊन यायची आणि रागवायची. "माझा म्हाताराही चाखायचा. पण ते जुने हौद, कोंडा घालून आंबवलेले. सोड्याचं भांडं तो कधी तोंडाला लावायचा नाही. एवढी अक्कल त्याला होती. तुझ्या बापाने तुला सांगितलं नाही?"

मी कागदावर लिहून दाखवलं, बापाला सोडा माहीत नाही.

तिने ते वाचलं. वाटी उचलली. दारात थांबून म्हणाली, "मग हे लिहून मला काय दाखवतोस? जाऊन त्या साहेबाला सांग."

खरं सांगतो, मला घरी जायचं होतं. भांडायचंही नव्हतं, रडायचंही नव्हतं. फक्त पडवीत रांजणाच्या कडेला पाठ टेकून झोपायचं होतं. घरी पत्र लिहिलं असतं तर पोचायला तीन आठवडे, आणि वाचून दाखवणार कोण, तर ज्यांनी मला हात धुवायला पाठवलं होतं ते मास्तर. लिहिलं नाही.

सहाव्या दिवशी टेकडी चढून साहेबांच्या खोलीत गेलो. जीभ अजून जाड होती. सावकाश बोललो. "माझा बाप रंगारी आहे. त्याच्याकडे जिभेशिवाय माप नाही. चूक माझी आहे, त्याची नाही. त्याच्या रांजणात त्याची जीभ कधी चुकली नाही."

"काय घालतो तो रांजणात?"

मी सांगत गेलो. चुना किती, गूळ कधी, टाकळ्याचं बी का शिजवायचं, थंडीत शेण का थापायचं. ते लिहून घेत होते. मला वाटलं, काम झालं. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हे सगळं बरोबर असेल. पण परीक्षेत जिभेला मार्क नाहीत." कागद बाजूला सारून म्हणाले, "मुलं गेल्यावर रोज सगळी भांडी धुवायची. एकट्याने रंगाला हात लावायचा नाही. परीक्षेचं तेव्हा बघू."

भांडी लोखंडी, माझ्या कमरेएवढी. सोड्याच्या गरम पाण्यात हात फुटले, फटींत नीळ बसली. पण वापरून झालेला रंग ओतण्याआधी रंगशाळेच्या रखवालदाराला समोर उभं करून मी नळीने तो तपासायचो. वहीत डाव्या बाजूला इंग्रजीत आकडे लिहायचो. उजव्या बाजूला फेस, रंग, वास, आमच्या भाषेत. 'गूळ मांगस.' 'आते झोपना,' म्हणजे आता झोपला. 'चुना जास्त व्हयना.' हळूहळू कुठल्या आकड्याला रांजण काय म्हणतो ते दिसायला लागलं. एकदा साहेबांनी वही उचलली. उजव्या बाजूवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"बाप असता तर काय म्हणाला असता ते."

त्यांनी पान उलटलं, पुढचंही उलटलं आणि वही जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या यादीत माझं नाव होतं.

परीक्षेला मी तोंडावर मफलर बांधून गेलो, मागे दोन गाठी मारून.

"थंडी वाजते?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. चाखायची सवय आहे, म्हणून."

साहेब हसले. अख्ख्या टर्ममध्ये तेवढंच. मला दिलेलं भांडं मुद्दाम बिघडवलेलं होतं. फेस पाहूनच कळलं, हा गूळ मागतोय. म्हणजे इथे गुळाच्या जागी घालतात ती पांढरी भुकटी कमी पडली होती. पण मी तसं लिहिलं नाही. नळी भरली, थेंब मोजले, आकडा काढला, आणि आकडाही तेच म्हणाला. दुसऱ्या वर्गात पास झालो. कागद हातात देताना साहेब म्हणाले, "हात अजून घाईचा आहे." होताच.

घरी पोचलो तेव्हा बाप रांजणापाशीच होता. मी सर्टिफिकेट काढलं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि कोनाड्यातला डबा माझ्यापुढे ठेवला. "हाऊ वाच."

डब्यांवरचं जर्मन वाचायला रंगशाळेत शिकवलं होतं. गंजातून अक्षरं लावली. वरच्याच ओळीत लिहिलं होतं, फक्त लोकरीसाठी. लोकरीचा रंग सुतावर टिकत नाही. बापाच्या हाताची त्यात चूक नव्हतीच.

"मंजे हाऊ मेंढ्यास्ना रंग व्हता?" बाप म्हणाला. "आन मी तो बायास्ले नेसाडा!" तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. आई आतून बघायला आली. मग त्याने माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं. "जीभ का जड शे तुन्ही?"

मी जीभ दाखवली. डाग होता, अजून आहे.

"मी सांगं व्हतं म्हनीसन चाखं?"

"हो."

करंगळी रांजणाकडे गेली होती, ती त्याने धोतराला पुसली आणि गोणपाट ओढून घेतलं.

कॉलेजने माझी टर्म भरली असं धरलं. दुसरी टर्म पुण्यात करून मी परीक्षेला बसलो. त्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झालो. शहाद्याच्या रंगारी गल्लीतला पहिला पदवीधर मी.