‘जपून’चे वाढपी

श्री. दत्तात्रय पाटणकर यांना जर्मनीतल्या एर्लांगेनमधली सगळी मराठी माणसे ‘भाऊ’ म्हणतात. त्यांची आणि माझी पहिली ओळख टेलिफोनवर झाली. त्यांनी नमस्कारही केला नाही. म्हणाले, "आधी दोन्ही हात मांडीवर ठेवा."

मी फोन खांद्याशी धरला आणि हात मांडीवर ठेवले.

"ठेवले?"

"हो."

"आता मी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. एक जरी नवी फाइल तिथे पडली, तर ती पुसलेल्याच्या अंगावर पडेल, आणि मग ते परत येणार नाही."

याला आता वीस वर्षे होत आली. मी तेव्हा एका ग्रंथालयात सूचीचे काम करीत असे. तिथल्या संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअरची प्रणाली होती, म्हणून घरीही मी तीच घेतली होती. या प्रणालीत चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून कामे करता येतात, आणि मला ते मनापासून आवडे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारून मारून आमची बोटे टाइपरायटरवर सरळ केली होती. ती बोटे जर्मनीत उपयोगी पडत होती. त्या शनिवारी मी काही निरुपयोगी फाइली पुसण्याचा हुकूम दिला आणि त्यात चुकून एक मोकळी जागा जास्त सोडली. यंत्राने त्याचा अर्थ ‘सगळ्या पुसा’ असा घेतला, आणि सगळ्या पुसल्या.

त्या सगळ्यांत माझ्या आईची पत्रे होती. आई गेल्यावर भावाने सांगलीहून ती एकेक स्कॅन करून पाठवली होती. मूळ कागद नंतर वाळवीने खाल्ले.

ग्रंथालयातल्या एका सहकारी बाईंनी मला भाऊंचा नंबर दिला होता. अर्ध्या तासात ते सायकलवरून आले. पँटच्या पायाला क्लिप, डोक्यावर हेल्मेट, पाठीवरच्या पिशवीत एक रिकामी डिस्क. मी रडत होते. त्यांनी पाणी मागितले आणि आलेला पेला माझ्याच पुढे सरकवला. संध्याकाळपर्यंत बहुतेक पत्रे परत आली. तीन आली नाहीत. त्या तिघांची नावे, म्हणजे फाइलींची नावे, त्यांनी मला वाचून दाखवली. ‘जवळजवळ सगळी मिळाली’ असे म्हणून ते निघून गेले नाहीत, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

"माझीच चूक," मी म्हणाले.

"बोट घसरतंच हो. पण यंत्राने एकदा विचारायला नको? आपल्याकडे भाजीवालीसुद्धा विचारते, सगळी घेणार का म्हणून."

त्या सुमारास येना शहरात प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने ‘जपून’ नावाचे एक लहानसे साधन लिहिलेले होते. पुसण्याचा हुकूम दिला की ‘जपून’ मध्ये येते, काय काय जाणार ते दाखवते, विचारते, आणि पुसलेले महिनाभर बाजूला ठेवते. पण त्याचा प्रबंध आला, मग नोकरी आली, आणि साधनाकडे बघायला कोणी उरले नाही. मुक्त प्रणालीची सगळी साधने जिथून मिळतात, त्या भांडारात अशा साधनाला ‘अनाथ’ म्हणतात. हा तिथला अधिकृत शब्द आहे. कोणी पुढे आले नाही, तर पुढच्या आवृत्तीआधी ते भांडारातून काढून टाकतात. माझ्या घरून गेल्यावर आठवड्याभरात भाऊंनी ‘जपून’ दत्तक घेतले. ते त्या तीन पत्रांसाठी घेतले, असे मी मनाशी धरून आहे. त्यांना विचारले तर ते कबूल करायचे नाहीत.

‘भाऊंचे जपून’ असे कोणी म्हटले की ते लगेच हात वर करतात. "माझं नाही. आचारी येनाला होता. मी वाढपी."

हे वाढप्याचे काम काय असते, ते आपल्या मराठी मंडळातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. दुसऱ्याने लिहिलेली वस्तू तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर नीट बसेल अशी बांधायची, तिला चालायला आणखी काय काय लागते त्याची यादी जोडायची, जुनी जाऊन नवी येताना वापरणाऱ्याची मांडामांड मोडणार नाही हे पाहायचे, आणि मग जगभरातून येणाऱ्या तक्रारींना उत्तरे द्यायची. याला पॅकेजिंग म्हणतात. स्वयंपाक उत्तम असला तरी वाढताना सांडले, तर पंगत आचाऱ्यालाच नावे ठेवते. भाऊ निवृत्त होईपर्यंत वैद्यकीय यंत्रांच्या तपासणी विभागात होते. ते म्हणतात, "आमच्या यंत्राखाली माणूस झोपलेला असायचा. तेव्हापासून ‘बहुधा चालेल’ हे माझ्या तोंडून गेलंच." ‘जपून’ची प्रत्येक नवी आवृत्ती ते आजही आधी कोऱ्या मशीनवर चालवून पाहतात. अक्षरशः काही नसलेले मशीन, जणू आजच कोणी तरी विकत आणले.

एकदा एका अंध शिक्षिकेने तक्रार केली. ‘जपून’ फाइलींची यादी सुंदर चौकटीत आखून दाखवत असे, आणि पडदा वाचून दाखवणारा आवाज तिला नुसते ‘रेघ, रेघ, रेघ’ असे ऐकवी. भाऊंनी क्षमा मागणारे उत्तर त्याच दिवशी पाठवले, दुरुस्ती मात्र लगेच केली नाही. आधी आठवडाभर डोळ्यांना ओढणी बांधून त्यांनी स्वतः ‘जपून’ वापरले. त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी सांगतात, "माझी चांगली ओढणी, सुलभा! आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या कपात बोट." मग चौकट गेली. आता पहिल्याच वाक्यात किती फाइली जाणार ते कळते, नंतर नावे, आणि शेवटी प्रश्न.

माझ्यावर त्यांनी सूचनापानाचे काम सोपवले, म्हणजे साधन कसे वापरावे हे सांगणारे इंग्रजी पान. मी बिचकले. "अहो, मी ग्रंथालयातली बाई." त्यावर ते म्हणाले, "गेनाऊ! अगदी तेच. इंजिनियरने लिहिलेलं इंजिनियरच वाचतो." दर शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही ते पान करीत असू. माझे ‘अत्यंत’, ‘सहज’ आणि ‘नेहमी’ ते लाल पेन्सिलीने खोडत. शाळेतल्या सिस्टरांनंतर माझ्या इंग्रजीवर लाल पेन्सिल चालवणारे ते पहिलेच. मला ते सुखाचे वाटे.

आता जे सांगणार आहे, त्याचा मला त्या वेळी फार राग आला होता.

भांडारात वस्तू ठेवायची तर तिथल्या सभासदाकडे आपली एक किल्ली असावी लागते, म्हणजे संगणकावरची सही. ती किल्ली खरोखर याच माणसाची, अशी ग्वाही दुसऱ्या सभासदाने स्वतःच्या किल्लीने द्यायची असते. त्यासाठी ही मंडळी प्रत्यक्ष भेटतात, समोरासमोर ओळीत उभी राहतात, आपल्या किल्लीचा लांबलचक क्रमांक वाचतात आणि एकमेकांचे पासपोर्ट तपासतात. एर्लांगेनला अशी सभा होती. मी नवी किल्ली करून, क्रमांकाची चिठ्ठी घेऊन, इस्त्रीची साडी नेसून गेले. ओळीत माझ्यासमोर भाऊ आले.

"पासपोर्ट."

मला हसू आले. "भाऊ, घरी राहिला. तुम्हाला कशाला हवा? परवाच तर माझ्या हातची अळूवडी खाल्लीत."

"अळूवडीची ओळख पटली. तुमची पटायची आहे."

आजूबाजूचे जर्मन लोक काही कळत नसताना हसले. भाऊंनी माझी चिठ्ठी घडी करून परत दिली आणि पुढच्या माणसाकडे वळले. मी बसमध्ये रडले. घरी मुक्ताने, माझ्या मुलीने, सगळे ऐकून घेतले आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, एर हाट डोख रेख्ट." आई, बरोबरच आहे त्यांचे, म्हणे.

"मराठीत बोल," मी म्हटले, "आणि माझ्या बाजूने बोल."

तीन शनिवार मी गेले नाही. चौथ्या शनिवारी वहिनींचा फोन आला. "अगं, गॅस बंद आहे असं मी सांगितलं तरी हे उठून बघून येतात. चाळीस वर्षं झाली. मी कुठे रुसायचं?" मी गेले. भाऊंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "आल्झो, तर मग, सुलभाताई. तुम्ही कोण आहात हे मला माहीत आहे. सही त्यासाठी नसते. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही, ते माझ्या शब्दावर तुमचं सामान आपल्या घरात घेणार. त्यांना मी अळूवडी सांगू?"

मला पटले. पण मानी स्वभाव. "मी पान लिहीन. किल्ली नको," असे मी सांगितले आणि पुढे कित्येक वर्षे तेच धरून बसले. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या वर्षी भाऊंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना दिवसच्या दिवस पालथे झोपायला सांगितले. त्यासाठी चेहऱ्यापुरते भोक असलेला एक बाक घरी आणला होता. नेमक्या त्याच दिवसांत ‘जपून’मध्ये एक गंभीर दोष निघाला. डिस्क पूर्ण भरलेली असली, तर ‘जपून’ फाइल बाजूला ठेवल्याचे सांगे आणि प्रत्यक्षात पुसून टाकी. भांडाराची नवी आवृत्ती जवळ आली होती. तिचे दरवाजे बंद होण्याआधी दुरुस्ती गेली नाही, तर ‘जपून’ वगळले जाणार होते. शिवाय तोवर कोणाच्या आईची पत्रे जातील, हे कोणी सांगावे?

मी गेले तेव्हा भाऊ बाकावर पालथे होते आणि यंत्राचा आवाज त्यांना तक्रारी वाचून दाखवत होता. रेघांशिवाय.

"चूक माझी आहे," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "येनाच्या मुलाची नाही. बांधताना ठेवायची जागा मी बदलली होती. दुरुस्ती कशी करायची ते सांगतो. पण कोऱ्या मशीनवर तपासून भांडारात चढवणार कोण? वगळलं तर वगळलं, सुलभाताई. माझ्या पंचाहत्तरीला ते परत अनाथ होईल, एवढंच."

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज बसलेला मी तेव्हाच ऐकला. मी पर्स उघडली.

"भाऊ, पासपोर्ट आणलाय."

मग बाकाखालून आवाज आला, "दाखवा."

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी त्या बाकाखाली जमिनीवर उताणी झोपले आणि पासपोर्ट भोकाखाली धरला. वर भाऊंचा एक चांगला डोळा. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"जरा उजेडात. फोटोत फार गंभीर दिसता."

"तुम्ही तपासणार हे तेव्हाच माहीत होतं."

वहिनी दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. आदल्या रात्री केलेल्या नव्या किल्लीचा क्रमांक मी चार-चार अक्षरांनी वाचला, त्यांनी प्रत्येक चौकडीला ‘हो’ म्हटले. मग लॅपटॉप बाकाखाली ठेवला, मला आणि वहिनींना खिडकीबाहेर बघायला लावले आणि आपला पासवर्ड चाचपडत स्वतः टाइप केला. माझ्या किल्लीवर सही झाली. आणखी एका जुन्या सभासदाने माझी वीस वर्षांची पाने पाहून संमती दिली, आणि ‘जपून’पुरता अधिकार मला मिळाला.

दुरुस्ती मी कोऱ्या मशीनवर चालवली. डिस्क काठोकाठ भरून चालवली. आता ‘जपून’ स्वच्छ सांगत होते, ‘ठेवायला जागा नाही, म्हणून पुसत नाही.’ बदलांच्या नोंदीत मी ‘दोष दूर केला’ एवढेच लिहिले होते. भाऊंनी ते वाचून घेतले.

"कोणाचा दोष? नाव घाला."

"बोट घसरतंच हो, भाऊ."

"घसरतं. म्हणूनच नाव घाला."

मी नाव घातले आणि दरवाजे बंद व्हायच्या दोन दिवस आधी आवृत्ती चढवली. ती स्वीकारल्याचे पत्र आले, ते मी त्यांना दोनदा वाचून दाखवले. ‘जपून’ अनाथ झाले नाही. ते आज हजर आहे, आणि त्याच्या सांभाळणाऱ्यांत दोन नावे आहेत.

भाऊंचा डोळा आता पुष्कळ सुधारला आहे. सायकलही सुरू झाली आहे. मागच्याच महिन्यात आमच्या दाराची घंटा वाजली. दारात भाऊ, पँटला क्लिप, शर्टाच्या खिशातून पासपोर्ट डोकावतो आहे. जुनी किल्ली आताच्या मानाने कच्ची झाली म्हणून त्यांनी नवी केली होती आणि तिच्यावर माझी सही हवी होती.

मी ‘या’ म्हटले नाही. "पासपोर्ट," म्हटले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, तसे मी एरवी फक्त कोरे मशीन व्यवस्थित चालले की पाहिले आहे. मी फोटो पाहिला, त्यांना पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. क्रमांक पडताळला. किल्लीवर मुदत लिहायची असते, ती पाहिली.

"दोनच वर्षं, भाऊ?"

"तशीच पद्धत आहे. मुदत संपत आली, की माणूस अजून जागेवर आहे हे आपण होऊन कळवायचं आणि वाढवून घ्यायची."

भाऊ पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, उजवा डोळा डाव्यासारखा होवो आणि वहिनींची ओढणी सुरक्षित राहो. दर दोन वर्षांनी त्यांनी आपली मुदत अशीच वाढवावी आणि सायकलवरून येऊन ती आम्हाला कळवावी. मी दार उघडीन. अळूवडी तयार ठेवीन. पण आधी पासपोर्ट मागीन.