अख्ख्या अंगणाची बिडी

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम मी लग्नानंतर कितीतरी वर्षं कुरकुरत पाळला. उखाण्यात घ्यायचं, तेही चार बायकांनी हाताला धरून बसवलं तर. एरवी "आमचे हे", "घरातले", "अवो", नाहीतर सरळ भांडं आपटायचं. पोलादपूरच्या पुढे डोंगरात आमचं गाव. तिथं कुणाच्या घरातलं भांडं वाजलं यावरून कुणाच्या नवऱ्याला हाक मारली जातेय, हे आम्हा बायकांना बरोबर कळायचं. या नियमानं एका शिमग्यात अख्ख्या गावाची बिडी बंद केली. म्हणजे बंद करायला घेतली. ते आठवलं की मला अजून बसल्या जागी हसू फुटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे पक्के बिडीवाले. गोठा झाडून झाला की एक, शेतावर पोचले की एक, शेतावरून निघायचं ठरलं की ठरल्याबद्दल एक. एक ओढायची आणि एक कानावर ठेवायची. त्या हिवाळ्यात खोकला बसला आणि उठायचं नाव घेईना, म्हणून मी त्यांना महाडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, मग एक काडी पेटवून यांच्या तोंडापासून वीतभर लांब धरली आणि म्हणाले, "ओठ न आवळता, तोंड उघडं ठेवून विझवा." पेटलेली काडी दिसल्याबरोबर यांचा हात सवयीनं कानावरच्या बिडीकडे गेला! डॉक्टर बघतच राहिले. मी तोंडाला पदर लावला. काडी मात्र विझली नाही. यांनी फुंकर मारली, पुन्हा मारली, ज्योत जरा वाकली आणि डॉक्टरांच्या बोटापर्यंत जळत गेली. तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"बिडी सोडा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर ओझं उचलणं सोडावं लागेल."

"आनि पालखी?" यांनी विचारलं.

"पालखी म्हणजे ओझंच की."

परतीच्या एसटीत नडगावच्या आसपास हे एकदाच बोलले, "पालखी कुठं ओझं असतंय?"

इथं जरा समजावून सांगते. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते आणि प्रत्येक अंगणात ती नाचवतात. दांडा खांद्यावर घेऊन वाकायचं, उसळायचं, गरगर फिरायचं, आणि खालूबाजाचा ढोल सांगेल तोवर थांबायचं नाही. आमच्या गावात पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. सासऱ्यांचा होता, त्यांच्या बापाचा होता. आमच्या ह्यांना शेताचा कंटाळा यायचा, बाजाराचा यायचा, माझ्या बोलण्याचा तर यायचाच. पण पालखी खांद्यावर आली की हा माणूस वेगळा व्हायचा. मी लग्नाला होकार दिला तो त्यांना इथल्या शिमग्यात पालखी नाचवताना बघून, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. उगाच शेफारले असते.

शिमगा आला. डॉक्टरांचं बोलणं यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. आमच्या अंगणात पालखी आली, ढोल घुमला, हे पुढच्या खांद्याला. सुरुवातीच्या फेऱ्या झोकात झाल्या. मग तुळशीजवळच्या वळणावर यांचा श्वास अडकला. तोंड उघडं, डोळे बाहेर, आणि पालखी एका अंगाला कलली. यांच्या धाकट्या चुलतभावानं धावत येऊन खांदा दिला म्हणून बरं. हे तुळशीच्या कट्ट्याला टेकून खोकत राहिले. "धूळ गेली नाकात," म्हणाले. पण गावातला एक म्हातारा हळूच बोलला, "फुडल्या वर्षी धाकट्यालाच घेव दे फुडं." यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी बघितला, आणि मला इतका राग आला की काय सांगू. त्या म्हाताऱ्याचा, बिडीचा, यांचा, सगळ्यांचाच.

पालखी खाली टेकली. आता गाऱ्हाणं. घरातल्यांनी आपलं मागणं गुरवांच्या कानात सांगायचं, गुरवांनी ते देवीपुढे मोठ्यानं म्हणायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की ते सगळ्यांवर बंधनकारक. मी पुढे झाले आणि गुरवांच्या कानात म्हटलं, "घरातल्यांची बिडी सुटू दे."

"कोनाची?"

"घरातल्यांची वो."

"नाव सांग की गो."

आता नाव कसं सांगू? समोर सासूबाई उभ्या, दीर उभे, अख्खा गाव उभा. मी म्हटलं, "बिडी ओढतात त्यांची!" गुरवबाबांना घाई होती, अजून अर्धा गाव बाकी होता. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवी माते, ह्या अंगनात जे कोन बिडी वढतात त्यांची बिडी आजपासून सुटू दे, आनि जो तोंडाला लावील त्याला तूच बघून घे!"

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

पाऊणशे बाप्ये होते अंगणात, आणि बहुतेकांच्या कानावर बिडी होती. खुद्द गुरवबाबांच्या कानावर होती. त्यांनी डोळे उघडले, आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा हात हळूहळू कानाकडे गेला. पडवीत आम्ही बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होतो. माझी एक जाऊ तर हसता हसता उंबऱ्यावरच बसली. तिकडे एकेक बाप्या कानावरची बिडी काढून, जणू विंचू उचलतोय अशा बेतानं, पालखीपुढच्या ताटात ठेवत होता.

त्यात दुकानवाले चाचाही होते. गावात बिड्यांचे बंडल विकणारे एकटे तेच. दरवर्षी पालखीला नारळ द्यायला यायचे, कडेला उभे राहून सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचे. यंदाही म्हणाले होते. कुणीतरी म्हटलं, "चाचा, तुमाला कुठं लागू हाय ते?" चाचांनी खिशातला बंडल काढून ताटात ठेवला. "तोंडानं बोललो ना? मंग लागू हाय."

पुढचे दिवस म्हणजे निव्वळ धमाल. गाव नुसतं चिडचिडत होतं. बैलांना शिव्या, पोरांना शिव्या, एकानं तर स्वतःच्या चपलेला शिव्या दिल्या. कुणी बडीशेप खात होतं, कुणी चिंचोके भाजून चघळत होतं, एक आजोबा देवापुढे तासन् तास बसायला लागले; घरच्यांना वाटलं भक्ती वाढली, पण ते उदबत्तीला नाक लावून बसायचे. सासूबाई दाताला मिश्री लावता लावता सगळ्यांना उपदेश करत हिंडायच्या की तंबाखू फार वाईट. गुरवबाबांनी त्यांच्याकडूनच चिमूटभर मिश्री मागून घेतली आणि गाऱ्हाण्यात मिश्रीचा शब्द नव्हता, असं जाहीर केलं.

मग एकाएकी सगळ्या बाप्यांना ओढ्यापलीकडे कामं निघाली. एक जण हरवलेलं वासरू शोधायला गेला. वासरू गोठ्यात बांधलेलं होतं. मी पाठोपाठ गेले तर ओढ्यापलीकडच्या आंब्याखाली ही मंडळी, आणि धूर. "देवीची हद्द वढ्यापातूर हाय," एक जण मला समजावून सांगायला लागला. "हितं दुसऱ्या गावची देवी." आमचे हेही तिथंच, पाठ फिरवून. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात डोक्यावर गोणी घेऊन चाचा त्या वाटेनं आले. थांबले, सगळ्यांकडे बघितलं. म्हणाले, "मी कुठल्या देवीच्या हद्दीत येतो रे बाबांनो? तरी पाळतोय ना?" आणि चालू पडले. नुकताच रमजान संपला होता. महिनाभर दिवसा बिडी न ओढणारा माणूस तो, त्याला कसली हद्द सांगणार!

हे घरी आले ते पडवीच्या पायरीवर डोकं धरून बसले. "सुटत नाय गो," म्हणाले. "धुराचं काय नाय एवढं. पन कामातून हात काढला की करायचं काय?"

त्या वाक्यानं मला लखकन उमगलं. आमच्याकडे नुसता बसलेला माणूस आळशी, आणि बिडी घेऊन बसलेला माणूस दमलेला. नुसता बसला तर सासूबाई बोलतील, शेजारी बोलतील, मी तर पहिली बोलेन. बिडी पेटली की मात्र कुणी काही म्हणत नाही, बिडी संपेपर्यंत त्याला हक्काचं बसणं. आणि आम्ही बायका? आमच्याकडे बिडी नव्हती, म्हणून आम्ही बसतच नव्हतो. मला एकदम त्यांची दया आली आणि त्याहून जास्त माझी.

मी आत गेले. वालाचे दिवस होते, मोड आलेले वाल भिजत होते. पातेलं आणून दोघांच्या मध्ये ठेवलं आणि पायरीवर त्यांच्या शेजारी फतकल मारली. "बिडीची येळ झाली ना? बसा. हाताला काम हवं ना? सोला."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी उजेडी नवऱ्याशेजारी पायरीवर बसले होते. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या. जाताना मिश्रीच्या बोटानं नुसतं नाक पुसलं. हे वालाचं साल काढायचे आणि दाणा उडून थेट कोंबड्यांत जायचा. मग जमायला लागलं. तलफ आली की पातेलं. डोकं दुखलं की पातेलं. शेजारणींनी बघितलं, आणि आठवड्याभरात गावातल्या पायऱ्यापायऱ्यांवर मिशीवाले बाप्ये वाल सोलत बसलेले, शेजारी त्यांच्या बायका. त्या वसंतात आमच्या गावानं इतकं वालाचं बिरडं खाल्लं की पाहुणे यायचे बंद झाले.

सगळ्यांची बिडी सुटली असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांची पावसाळ्यात परत पेटली. शेतात पाणी, अंगात गारठा, देवीनंही डोळेझाक केली असावी. गुरवबाबा मिश्रीवरच राहिले. पण चाचांनी दुकानात परत बंडल ठेवले नाहीत, आणि आमच्या ह्यांनी एकदाही लावली नाही. भाद्रपदात एकदा भावकीत भांडण झालं तेव्हा हात कानाकडे गेला होता. मी भांडं आपटलं, हात खाली आला. अधूनमधून मी चुलीजवळ काडी पेटवून वीतभर लांब धरायची. "तोंड उघडं ठेवून." आधी ज्योत वाकायची. मग फडफडायची. दिवाळीच्या फराळाला चूल पेटवताना त्यांनी माझ्या हातातली काडी विझवली आणि वर म्हणाले, "अजून लांब धर." मी आनंदानं इतकी बावचळले की करंजीत सारण भरायचंच विसरले. घरानं त्या पोकळ करंज्या मुकाट्यानं खाल्ल्या.

आणि मग पुन्हा शिमगा. गावानं ठरवलं होतं की आमच्या अंगणापुरता खांदा यांना द्यायचा, आणि निभलं नाही तर पुढे कायमचा धाकट्याचा. पालखी आली, ढोल घुमला, हे दांड्याखाली शिरले. चुलतभाऊ दोन हात बाजूला, तयारीत उभा. फेरी झाली. दुसरी झाली. मी श्वास रोखून धरलेला, जणू माझा वाचलेला त्यांना मिळणार होता. तुळशीजवळचं वळण आलं. हे वाकले, आणि वर यायला क्षणभर उशीर झाला. चुलतभाऊ पुढे सरकला.

आणि मी ओरडले. नावानं! सासूबाई, दीर, गुरवबाबा, पाऊणशे बाप्ये आणि पडवीभर बायकांच्या देखत मी नवऱ्याला नाव घेऊन हाक मारली, तीही पुढे "अवो" न लावता. ढोलवाल्याचा ठोका चुकला. पडवीतल्या जावेनं कपाळाला हात लावला. आणि हे दांड्याखाली वाकलेले होते तिथून हसत वर आले. खो खो हसत. हसत हसत उसळले, हसत हसत गरगरा फिरले, पालखी डोक्याच्या वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि हे हसतच होते. नाचता नाचता हसायला किती दम लागतो! तो सगळा त्यांच्यापाशी होता.

पालखी टेकल्यावर घामानं निथळत ते पायरीवर येऊन बसले. गुरवबाबांनी मला विचारलं, काय गाऱ्हाणं घालायचं यंदा. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. आमच्या ह्यांनी शेजारच्या जागेवर हात आपटला.

"गाऱ्हानं ऱ्हाव दे," ते म्हणाले. "तू आधी बस गो जरा."

मी सगळ्यांच्या देखत बसले.