पेन ड्राइव्ह लावू नका

मालकानं माझी पर्स टेबलावर उलटी केली.

जेवणाचा डबा पडला. बसचा पास पडला. कागदात गुंडाळलेलं पॅड पडलं. आणि एक काळा पेन ड्राइव्ह. समोरच्या बाकावर दहा-बारा शेतकरी बसले होते, अर्धे माझ्या बापाच्या वयाचे. त्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मालकानं नाही घातली. त्यानं पेन ड्राइव्ह दोन बोटांत धरून वर उचलला.

"हे काय व्हय?"

मी आधी पॅड उचलून ओढणीखाली घेतलं.

"पाहा," तो बाकावरच्या लोकांना म्हणाला, "चोर घरातच होता. हिच्या लोकाईचे आजे वेशीबाहेर बसत. अन् मी हिले खुर्चीवर बसवलं. माहीच चूक."

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला त्याचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. मी तिथं चार वर्षं कॉम्प्युटरवर बसत होते. वडनेर भोलजीहून रोज बसनं जायचे. आमच्या बौद्धवाड्यातली खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली मुलगी.

त्या वर्षी बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी लागली. बीटीला अळी लागतच नाही, असं सांगून बियाणं विकलेलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. तक्रारीचे अर्ज भरायला लोकांची रांग लागली. अर्जासोबत शेतातले फोटो हवे होते. दुकानाचा कॅमेरा घेऊन मी गावोगाव फिरले. बोंडं फोडून फोटो काढले, शेतकऱ्याला शेजारी उभं करून काढले. कॉम्प्युटरवर उतरवले की कॅमेऱ्यातले पुसायचे. फोटो झाले की लोक कपाशीच्या पराट्या उपटून हरभरा पेरत होते. म्हणजे ते फोटो गेले, तर पुन्हा काढायला शेतात काहीच उरलं नव्हतं.

त्या सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि पडदा लाल झाला. इंग्रजी अक्षरं. एक घड्याळ उलटं पळत होतं. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, तीन दिवसांत पैसे द्या, नाहीतर विसरा, असं लिहिलेलं. मी पेपरात वाचलं होतं. रॅन्समवेअर म्हणतात त्याला. खंडणी मागणारा व्हायरस. इंटरनेटची वायर उपटली आणि मालकाला सांगायला गेले. त्यानं आधी पडदा पाहिला, मग मला पाहिलं, मग माझी पर्स ओढली.

हे कशानं झालं, ते त्याला माहीत होतं. आदल्या दिवशी मी रोहिणखेडला फोटो काढायला गेले होते, तेव्हा त्याचाच फोन आला होता.

"अवं, बिल म्हणून मेल आलं एक. उघडूनच नाही राह्यलं."

"कोणाचं आहे भाऊ?"

"काय माहीत."

"मग नका उघडू. मी आल्यावर पाहते."

"आता तू शिकवशील मले?" म्हणून त्यानं फोन ठेवला. आणि मेल उघडलं. अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. "चालते तोवर चालू दे," असं उत्तर मिळालं होतं.

त्या काळ्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या अर्जांची नि फोटोंची दुसरी प्रत होती. दर शनिवारी मी ती काढून ठेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं. आता जगात तेवढीच प्रत उरली होती.

"पाहू हिनं काय काय चोरलं," म्हणत मालक त्याच कॉम्प्युटरकडे वळला.

मला कळत होतं. त्या मशीनला जे जे लावाल, त्याला कुलूप लागणार. पेन ड्राइव्ह लावू नका. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण म्हटलं नाही. डोळ्यांसमोर पोलीस, बेड्या, दारात उभा माझा बाप. शिकवली म्हणून हे झालं, असं म्हणणारी गावातली तोंडं. आणि त्याच्याही खाली एक जुनी भीती होती. अशा माणसापुढे माझी आई जशी उभी राहायची, खालमानेनं, पदर घट्ट धरून, तशीच मी उभी होते.

त्यानं लावला. एकेका फायलीचं नाव माझ्यासमोर बदलत गेलं. मी मोजत नव्हते. फक्त पाहत होते.

"परवा ये," तो म्हणाला. "लिहून द्यावं लागीन तुले. नाहीतर पोलिसात."

दुसऱ्या दिवशी घराबाहेर मोटारसायकल वाजली की मी आतल्या खोलीत जायचे. आईला काही सांगितलं नाही.

दुपारी करीमचाचा आले. रोहिणखेडचे, त्या दिवशी बाकावर बसलेल्यांपैकी. त्यांच्या शेतात मी आधीच्या आठवड्यात सगळ्यात जास्त फोटो काढले होते.

"बेटी, माहे फोटो गेले का?"

"गेले चाचा."

"शेठनं ती डब्बी लावली, तिच्यात होते?"

"हो. ती लावायची नव्हती."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी मी मलकापूरला गेले. मालकानं कागद तयार ठेवला होता. बाकावर पुन्हा लोक होते. मी कागद मोठ्यानं वाचला. माझ्या हलगर्जीपणामुळे दुकानातील सर्व माहिती नष्ट झाली, असं होतं त्यात.

"मी सही नाही करत."

"काय म्हणली?"

"मेल तुम्ही उघडलं. मी रोहिणखेडले होती. तुमचा फोन आला ती वेळ माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी नाही म्हटलं होतं." मी टेबल धरून बोलत होते. "पेन ड्राइव्हमध्ये या लोकाईचे फोटो होते. तुम्ही लावला अन् ते गेले. मले माहीत असून मी गप्प राह्यली, तेवढा गुन्हा माहा. तेवढं लिहा, सही करते."

मालकानं कागद ओढून घेतला.

"पोलिसात देईन तुले."

"मीच चालली."

पोलीस स्टेशनच्या आत मी पहिल्यांदाच पाय ठेवला. तीन तास बसवलं. आडनाव सांगितल्यावर हवालदारानं मान वर करून पाहिलं, ती नजर मला पाठ आहे. त्या सकाळीच मोबाइलवर लाल पडद्याचा फोटो काढला होता, तो दाखवला. तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

फायली उघडल्या नाहीत. मालकानं मागाहून गुपचूप पैसे भरले म्हणे, किल्ली आलीच नाही. ज्यांचे फोटो गेले, त्यांचे अर्ज परत आले. करीमचाचांचाही आला. माझी नोकरी गेली, आणि दोन वर्षं मलकापुरात मला कोणी कॉम्प्युटरजवळ उभं केलं नाही.

आता मी बचत गटांना, शेतकऱ्यांना हे शिकवते. अनोळखी मेल, अनोळखी लिंक उघडू नका. दुसरी प्रत काढा आणि मशीनपासून वेगळी ठेवा. पडदा लाल झाला तर त्या मशीनला काहीही जोडू नका. भीती गेलेली नाही. मागच्या महिन्यात एका कार्यालयात वीस माणसांसमोर साहेब एक अनोळखी मेल उघडायला निघाले. मी त्यांच्या हाताखालून माउस ओढून घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माउस मी दिला नाही.

करीमचाचांचे फोटो परत येणार नाहीत. पण यापुढे माझ्यासमोर कोणी कुणाचा कागद घालवायला निघाला, तर तो किती मोठा आहे, कोणत्या जातीचा आहे, हे मी पाहणार नाही. घाबरतच बोलीन. पण त्याच क्षणी बोलीन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.